परदेशी मशीनला बोअरचा स्टार्टर

संपादकांनी फोनवर बजावलं, "अण्णा, खरं घडलंय तेवढंच लिहा." मी विचारलं, "किती पानं?" तर म्हणाले, "आठ." आता एवढंसं खरं आठ पानांना कसं पुरवायचं? मी माझ्या परीनं ताणतो. पण एक सांगून ठेवतो. यात जिथं जिथं मी भ्यालो असं लिहिलंय, तिथं एक अक्षर वाढवलेलं नाही. उलट थोडं कमीच केलंय, कारण घरात नातवंडं वाचतात.

मी दवाखान्यातली मशीनं दुरुस्त करतो. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आणि कुणी गाडी पाठवली तर पार कलबुर्गीपर्यंत. नाव काशिनाथ. पण या भागात काशिनाथ कुठं राहतो म्हणून विचाराल तर माझ्या बायकोलासुद्धा पत्ता सांगता यायचा नाही. 'मशीनअण्णा' म्हणा, रस्त्यातली म्हैस मान वळवून घर दाखवेल.

धंदा सोपा आहे. माणूस आजारी पडला की डॉक्टरला बोलावतात, मशीन आजारी पडलं की मला. फरक एवढाच की माणूस कुठं दुखतंय ते सांगतो. मशीन सांगतं ते इंग्रजीत, नाहीतर जपानीत, नाहीतर नुसता लाल दिवा लावून.

ही मशीनं येतात कुठून, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. श्रीमंत देशातल्या दवाखान्यात एक मशीन काही वर्षं चाकरी करतं. मग त्याचा नवा भाऊ बाजारात येतो. जुन्याला काही झालेलं नसतं, पण नियमानं निवृत्त करतात, धडधाकट कारकुनाला करतात तसं. मग ते बोटीत बसतं. बंदरावर उतरलं की मोठ्या शहरातला दलाल त्याला गोदामात नेतो, पुसतो, रंग देतो, आणि आमच्याकडं टेम्पोतून पाठवतो. इथं नारळ फुटतो, हळदीकुंकू लागतं. जिथं काहीच नव्हतं तिथं आलेल्या मशीनला जुनं म्हणायची कुणाची टाप आहे? आणि खोटं कशाला बोलू, या म्हाताऱ्या मशीनांनी आमच्याकडची शेकडो माणसं जगवलीत.

पण मशीन येतं, त्याच्याबरोबर त्याचा माणूस येत नाही. त्याचं पुस्तक तिकडंच राहतं. बॅटरी बोटीत मरते. पासवर्ड कुठल्यातरी गोऱ्या इंजिनिअरच्या डोक्यात असतो आणि तो बर्फात मासे धरत बसलेला असतो. बाकी जे उरतं ते माझ्या वाट्याला येतं, ते म्हणजे भीती.

लोकांना वाटतं मेकॅनिक धीट असतो. सगळी थाप. एक्स-रेचं मशीन बंद केलं तरी त्याच्या पोटात करंट साठून राहतो, सासूच्या मनात लग्नातला मानपान राहतो तसा. संतपूरच्या एका मशीननं मला असा हिसका दिला की मी उडालो तो फाटकाबाहेर सोयाबीनच्या ढिगावर पडलो. बायको म्हणते, खोलीच्या दारापर्यंतच उडालात. ती तिथं नव्हती, तरी लोक तिचंच खरं मानतात. ते असो. पण त्या दिवसापासून मी कुठल्याही मशीनचं झाकण उघडायच्या आधी त्याला नमस्कार करतो, आणि तो भक्तीनं नसतो.

राजेश्वर गावच्या एका दवाखान्यात हृदयाला झटका देणारं मशीन आलं होतं. माणसाचं हृदय ठोके सोडून नुसतं थरथरायला लागलं की छातीला दोन पट्ट्या चिकटवायच्या, पुढं काय करायचं ते मशीन बोलून सांगतं. बोलायचं ते बाईच्या आवाजात, पण कुठल्या भाषेत ते देवाला माहीत. आम्ही तिला मेमसाब म्हणायचो. एकदा मी तिची वायर तपासत असतानाच तुरीच्या रानातून एका माणसाला उचलून आणलं. डॉक्टरांनी पट्ट्या चिकटवल्या, मेमसाब बोलायला लागली. कंपाउंडर माझ्या तोंडाकडं बघायला लागला.

"अण्णा, बाई काय म्हणायली?"

"लांब सरका म्हणायली."

"कशावरनं? जवळ या म्हणत असंल तर?"

त्या माणसाच्या भावानं त्याचे पाय घट्ट धरले होते आणि तो रडत होता. तिकडं बटण लुकलुकायला लागलं. मी त्या भावाला कमरेला धरून मागं ओढला, आम्ही दोघंही स्टुलावर आपटलो, आणि खाटेवरचं शरीर एकदा उसळलं. हृदय पुन्हा चालू झालं. तो माणूस आजही तूर काढतो आणि दिसलं की मला शिव्या देतो, कारण माझ्यामुळं त्याच्या भावाचा दात पडला. पुढं कुणीतरी मोबाइलला तो आवाज ऐकवून अर्थ काढला, तर बाई खरंच 'हात लावू नका' म्हणत होती. माझा अंदाज बरोबर निघाला. पण होता तो अंदाजच. तिकडच्या लोकांनी जीव वाचवायचं वाक्य मशीनमध्ये भरून दिलं होतं, आणि ते इथं आल्यावर नुसता आवाज झालं होतं.

आता मुख्य गोष्ट.

औरादच्या एका लहान दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आलं. किडन्या बसल्या की अंगातली घाण रक्तातच साचते. हे मशीन हातातून रक्त बाहेर काढतं, चाळणीतून गाळतं आणि दुसऱ्या नळीतून परत हातात सोडतं. रक्त फिरवायला एक चाक असतं. रसवंतीचा चरक ऊस दाबतो तसं ते नळी दाबत दाबत फिरतं. चाक थांबलं की बाहेरचं रक्त नळीत दह्यासारखं धरायला लागतं.

या मशीनवर पहिल्या दिवसापासून येणारी कलावतीअक्का. औराद, संतपूर, चिंताकीच्या बाजारात वाळल्या मिरच्या विकायची. मराठीत भाव सांगायची, कन्नडात कमी करायची, दखनीत गिऱ्हाइकाची आई काढायची आणि तेलुगूत समजूत घालायची. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं, तेवढं ती पाळायची. शिव्या मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. मला ती धाकट्या भावासारखं काशा म्हणायची.

"काशा, हे मशीन कुठल्या गावचं?"

"परदेशातलं, अक्का."

"तिकडच्या बायांनी टाकून दिल्यालं व्हय?"

"टाकलं न्हाई. त्यांनी नवं घेतलं."

"म्हंजे माझ्या जावंगत. तिला नवं लुगडं आलं की जुनं मला." मग मशीनकडं बघून म्हणाली, "बरं हाय. तिची लुगडी म्या लई वरसं नेसले. फाटली न्हाईत."

मी हसलो, पण मला त्या लुगड्याचं फाटलेलं टोक ठाऊक होतं. मशीनचा मेन खटका बोटीत मोडला होता, आणि ती कंपनी आता तो बनवतच नाही. दलालाच्या माणसानं दोन तारा थेट जोडून टाकल्या होत्या. पिन आपल्या बोर्डात बसेना म्हणून ती कापून वायर भिंतीत घातली होती. म्हणजे करंट आला रे आला की मशीन आपोआप चालू. बॅटरी अर्थातच मेलेली. करंट गेल्यावर चाक हातानं फिरवायला एक हँडल लागतं. ते आलंच नव्हतं, म्हणून मी उदगीरच्या भंगारातून एका शिलाई मशीनची मूठ आणून बनवलं होतं.

हातानं फिरवायचं तर नळी एका चिमट्यातून बाहेर काढावी लागते. तो चिमटा म्हणजे दारावरचा राखणदार. नळीत हवेचा बुडबुडा दिसला की तो नळी दाबून धरतो, कारण तो बुडबुडा अंगात गेला तर माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. आता नळी चिमट्याबाहेर आहे, आणि तेवढ्यात करंट येऊन चाक जोरात फिरायला लागलं तर? दार सताड उघडं आणि राखणदार नाही.

म्हणून आम्ही एक पद्धत घातली होती. मागच्या खोलीत जनरेटरपाशी मल्लण्णा असायचा; जनरेटर उठायला वेळ लावायचा, म्हणून तोवर मूठ. करंट गेला की त्यानं दवाखान्याचा मोठा खटका खाली ओढायचा. करंट परत आला की आधी ओरडून सांगायचं, "अण्णा, आलाय!" आतून कुणी "ठीक हाय" म्हणालं की मगच खटका वर. मल्लण्णा चिंचोळीकडचा, घरात कन्नड, पण आमच्याशी नेहमी मराठीच बोलायचा. जनरेटरशी मात्र कन्नडात बोलायचा, कारण म्हणे त्याला मराठी कळत नाही.

उन्हाळ्यातली दुपार. मी पलीकडं एक्स-रेचं झाकण लावून अक्काला सहज बघायला आलो होतो. बालाजी नावाचा डायलिसिसचा टेक्निशियन तिच्या उशाशी होता, उदगीरकडचा, हाताचा चांगला माणूस. अक्का त्याला सांगत होती की तुझ्यासारख्या गप्प माणसाची मिरचीसुद्धा तिखट निघत नाही. आणि पंखा बंद पडला.

चाक थांबलं. नळीतलं लाल जागच्या जागी उभं राहिलं. अक्काचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. त्या बाईला गप्प झालेली मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि त्याचीच मला आधी भीती वाटली.

"काशा, चाक थांबलं रे."

"थांबू दे अक्का, मूठ हाय आपल्यापाशी."

बालाजीनं हँडल काढलं. मी खिडकीतून मागं ओरडलो, "मल्लण्णा, खटका ओढलास का? बंद हाय का?"

मागून आवाज आला, "करंट बंत!"

आम्ही दोघांनी ऐकलं, करंट बंद. मी विचारलं होतं तेच तर होतं. बालाजी ओरडला, "ठीक हाय!" आणि त्यानं नळी चिमट्यातून बाहेर काढली.

आता इथं थांबून सांगायलाच हवं. मराठीत बंद म्हणजे बंद. कन्नडात बंत म्हणजे आलं. करंट हा शब्द दोन्हीकडं तोच. पुण्याच्या माणसाला बंत ठाऊक नाही, तो निदान "काय म्हणालास?" म्हणून विचारेल. ही चूक करायला आमच्याच भागात जन्मावं लागतं. एक कान मराठी, एक कान कन्नड, आणि घाईत कुठला उघडा राहील ते सांगता येत नाही. करंट गेल्या पावली परत आला होता. मल्लण्णानं खटका ओढला आणि लगेच खटक्यावरचा करंटचा दिवा लागला, तो गडबडला आणि गडबडलेला माणूस आईच्या भाषेत ओरडतो. त्यानं सांगितलं, करंट आला. आतून उत्तर गेलं, ठीक हाय. त्यानं खटक्याला हात घातला.

"हाकब्याड! मल्लण्णा, हाकब्याडो!"

अक्का ओरडली होती. खटका टाकू नको, टाकू नको. एका हातात दोन सुया, त्यामुळं तो हात तसाच आडवा पडलेला, आणि बाकी सगळी बाई मानेपासून उचललेली. चिंताकीच्या बाजारात या टोकापासून त्या टोकाला जाणारा तो आवाज होता. मी शपथेवर सांगतो, खिडकीची काच हलली.

मागून मल्लण्णाचा बारीक आवाज, "याक री, अक्का?" म्हणजे, का हो?

"बंत म्हणालाय त्यो!" अक्का आमच्यावर उलटली. "बंद न्हाई! तुमचे कान हाईत का मिरच्या टांगल्यात?"

मग मला कळलं. मी खाटेची कड धरली. बालाजीच्या हातातली नळी तशीच, चिमट्याबाहेर.

"फिरीव," मी म्हटलं. "हळू फिरीव. मी बुडबुडा बघतो."

त्यानं मूठ फिरवायला सुरुवात केली. मी नळीला डोळा लावला. डोळ्याची पापणी हलवायची भीती वाटत होती, कारण पापणी मिटली आणि तेवढ्यात बुडबुडा गेला तर? नळीतलं रक्त बोटाबोटानं पुढं सरकत होतं. अक्का छताकडं बघत होती. ओरडली तेव्हा ती भ्याली नव्हती. आता भीत होती. मोकळ्या हातानं तिनं माझ्या शर्टाची बाही धरली आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "किती ऱ्हायलंय रे? अजून किती ऱ्हायलंय?" मी दर वेळी "थोडंच" म्हणत होतो. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण ही एक मारताना जीभ जड झाली.

सगळं रक्त परत गेलं. सुया निघाल्या, कापूस दाबला. मल्लण्णा दारात येऊन उभा राहिला. आत यायला तयार होईना. स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाला, "अक्का, हात खटक्यावर व्हता माझा."

"मग धुऊन ये," अक्का म्हणाली. "अन आजपासनं ह्या दवाखान्यात कुणी बंदबी म्हणायचं न्हाई अन बंतबी न्हाई. आला म्हणा, न्हाईतर गेला म्हणा. साधं बोलायला काय दाढ दुखते का?"

तो नियम पुढं डॉक्टरांनीही पाळला. दार बंद करा म्हणायचं असलं तरी ते "दार लावा" म्हणायचे.

मी मात्र त्या संध्याकाळी जेवलो नाही. भीतीइतका हुशार इंजिनिअर मी दुसरा पाहिलेला नाही. इतके दिवस जे डोक्यात आलं नव्हतं, ते तिनं ताट समोर असताना दाखवलं. आपल्याकडं बोअरच्या मोटारीला स्टार्टर असतो, लाल-हिरव्या बटणांचा लोखंडी डबा. करंट गेला की तो आपोआप पडतो. करंट परत आला तरी कुणी हिरवं बटण दाबल्याशिवाय उठत नाही. शेतकऱ्यांना हे पटत नाही. रानात जायचा कंटाळा म्हणून ते तारा मारून त्याला आपोआप उठायला शिकवतात. मला नेमका न शिकलेला हवा होता. भालकीच्या दुकानातून तसा एक आणला आणि परदेशी मशीनच्या पाठीवर बसवला. राजकन्येच्या कमरेला विळा खोचावा तसं ते दिसायचं. पण त्यानंतर करंट कितीदा गेला आणि आला, मशीन कधी आपल्या मनानं उठलं नाही.

वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात नवंकोरं डायलिसिस मशीन आलं. या वेळी जुनं नव्हे, तिकडं ज्या साली निघालं त्याच साली इकडं. आणि म्हाताऱ्याला न्यायला हैदराबादेहून दलालाचा माणूस टेम्पो घेऊन आला. मी विचारलं, आता याला कोण घेणार? तो म्हणाला, आफ्रिकेत मागणी आहे. म्हणजे जिथून आलं त्यांना ते जुनं, आम्हाला आता जुनं, आणि पुढं कुणाला तरी नवं.

त्या दिवशी अक्काची डायलिसिसची पाळी होती. पायाला सूज, श्वास लागलेला, तरी ती बाहेर येऊन टेम्पोजवळ उभी राहिली. तो माणूस टेम्पोत चढवलेल्या मशीनच्या पाठीवरचा स्टार्टर खोलत होता.

"कामून काढायलास रे?" अक्कानं विचारलं.

"फोटू में खराब दिखता, अम्मा. तार डायरेक्ट जोड देता मैं. पैले वैसाच था ना?"

मी काही बोलायच्या आत अक्का टेम्पोच्या फाळक्यावर चढून बसली. कशी चढली ते तिचं तिलाच ठाऊक. मशीनला पाठ लावली आणि पाय लोंबकळत सोडले.

"डब्बा नक्को निकालो."

"अम्मा, वहाँ के लोगां से तुमारा क्या लेना-देना?"

"वहाँ कोई औरत सोती ना इसपे? करंट जाता ना वहाँ?" मग दखनी पुरेना म्हणून ती मराठीवर आली. "डबा काढलास अन ती बाई मेली, तर त्ये पाप कुणाच्या टेम्पोत बसंल? बोल की."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं, या वेळी काहीही न वाढवता. तारा थेट जोडल्या की काय होतं, चिमटा काय करतो, बुडबुडा काय करतो. आत डॉक्टर हाका मारत होते, अक्काला मशीनवर घ्यायची वेळ टळत होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. पण ती उतरेना. शेवटी त्यानं काढलेले स्क्रू परत माझ्या हातात दिले. मी स्टार्टर घट्ट बसवला. लाल आणि हिरवं, एवढं तरी तिकडच्या मेकॅनिकला कळेल. न कळलं तर तो भिईल, आणि भ्याला तर विचार करेल, एवढीच आशा. बिदर जिल्ह्यातला बोअरचा स्टार्टर बोटीत बसून आफ्रिकेला गेला, हे मात्र मी सगळ्यांना सांगतो. निर्यात म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

टेम्पो गेल्यावर मी अक्काला धरून आत आणलं. नवं मशीन भिंतीपाशी उभं होतं, पांढरं, गुळगुळीत. बालाजीनं बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला.

"कशाला फिरायलंय त्ये?" अक्कानं विचारलं.

"नेटवरनं कंपनीला विचारायलंय, अक्का. चालू होऊ का म्हणून."

"कंपनी कुठं हाय?"

"तिकडं."

"अन न्हाई म्हणाली तर?"

बालाजी सुया मांडायला लागला. अक्का माझ्याकडं वळली. "काशा, मागनं उघडून बघ की जरा. तुझ्या मनाची खात्री झाली की मी झोपते."

मी पिशवीतून पेचकस काढून मशीनच्या मागं गेलो. पाठीवर हात फिरवला. वरून खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठंही एकही स्क्रू नव्हता.

मी तसाच तिथं वाकलेला. पुढून गोल फिरायचा थांबला आणि हिरवा दिवा लागला.

"झालं का बघून?" अक्कानं विचारलं.

मी उभा राहिलो. "उघडायला जागाच न्हाई, अक्का." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या पेचकसाकडं बघितलं. मग खाटेवर आडवी झाली आणि बालाजीपुढं हात केला.